छऱ्याच्या बंदुकीचा वेग, ऊर्जा आणि कायदेशीर मर्यादा : एक विवेचन

प्रस्तावना :

जत्रेतील फुगे फोडण्याच्या खेळापासून ऑलिंपिकमधील दहा मीटर नेमबाजीपर्यंत छऱ्याच्या बंदुकीचा, म्हणजेच एअर गनचा, वापर होत असतो. २००८ साली बीजिंग येथे अभिनव बिंद्रा यांनी याच प्रकारात सुवर्णपदक मिळविले. अंजली भागवत, रुद्रांक्ष पाटील अशा महाराष्ट्रातील नेमबाजांनीही या प्रकारात नाव कमावले आहे. या बंदुकीत दारू नसते. दाबलेल्या हवेच्या अथवा वायूच्या जोरावर शिशाचा लहानसा छर्रा बाहेर फेकला जातो. त्यामुळे तिच्याकडे ‘खेळणे’ म्हणून पाहण्याची प्रवृत्ती आढळते. कायदा मात्र तिला सरसकट खेळणेही मानत नाही आणि सरसकट शस्त्रही मानत नाही. या दोहोंमधील सीमारेषा त्याने एका भौतिक राशीवर, म्हणजे छऱ्याच्या ऊर्जेवर, आखली आहे. ही राशी मोजतात कशी, त्या मोजणीत कोणते दोष संभवतात आणि कायद्याची मर्यादा नेमके काय सांगते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वेग की ऊर्जा? :

जाहिरातींतून बंदुकीचा केवळ वेग सांगितला जातो. ‘सेकंदाला १००० फूट’ हा आकडा ग्राहकास आकर्षित करतो, परंतु छऱ्याचे वस्तुमान सांगितल्याशिवाय त्याला फारसा अर्थ नाही. गतिज ऊर्जा ही वस्तुमान व वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मी असते. सेकंदाला १००० फूट म्हणजे सुमारे ३०५ मीटर. या वेगाने ७ ग्रेन, म्हणजे सुमारे ०.४५ ग्रॅम वजनाचा छर्रा सुटल्यास त्याची ऊर्जा सुमारे २१ ज्यूल होते. त्याच वेगाने ५ ग्रेनचा हलका, मिश्रधातूचा छर्रा सुटल्यास ती सुमारे १५ ज्यूलच भरते. वेग तोच असूनही एक छर्रा २० ज्यूलच्या मर्यादेबाहेर जातो, तर दुसरा तिच्या आत राहतो. म्हणूनच बहुतेक देशांच्या कायद्यांनी वेगाऐवजी ऊर्जेला प्राधान्य दिले आहे.

विविध देशांतील मर्यादा :

या बाबतीत ब्रिटनचे उदाहरण सर्वाधिक चर्चिले जाते. तेथील १९६८ चा शस्त्रविषयक कायदा आणि १९६९ चे धोकादायक हवाई शस्त्रांसंबंधीचे नियम यांनुसार रायफलसाठी १२ फूट-पाउंड (सुमारे १६.२७ ज्यूल) आणि पिस्तुलासाठी ६ फूट-पाउंड (सुमारे ८.१३ ज्यूल) ही मर्यादा आहे. स्कॉटलंडमध्ये २०१६ च्या अखेरीपासून या मर्यादेच्या आतील बंदुकीसही प्रमाणपत्र आवश्यक झाले. उत्तर आयर्लंडमध्ये तर एक ज्यूलहून अधिक ऊर्जेच्या बंदुकीसाठी प्रमाणपत्र लागते. जर्मनीत ही सीमा ७.५ ज्यूल आहे. कॅनडाने वेग व ऊर्जा या दोहोंचा मेळ घातला आहे. तेथे वेग सेकंदाला १५२.४ मीटरहून अधिक आणि ऊर्जा ५.७ ज्यूलहून अधिक, अशा दोन्ही अटी पूर्ण झाल्यासच परवान्याचे बंधन येते.

भारतात शस्त्र अधिनियम १९५९ अन्वये तयार झालेल्या शस्त्र नियम २०१६ मध्ये २० ज्यूल ऊर्जा आणि ४.५ मिलिमीटर व्यास असे दोन निकष आहेत. या दोन्ही मर्यादांच्या आत बसणाऱ्या बंदुकीस परवाना लागत नाही. स्पर्धेतील दहा मीटर रायफलचा छर्रा याच व्यासाचा असून सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने सुटतो. त्याची ऊर्जा साडेसात ज्यूलच्या आसपास असते. म्हणजे अचूक नेमबाजीसाठी मर्यादेच्या जवळ जाण्याची गरज नसते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

मापनाच्या पद्धती :

वेग मोजण्याची सर्वांत जुनी शास्त्रीय पद्धत म्हणजे प्रक्षेप-लंबक. इंग्लिश गणितज्ञ बेंजामिन रॉबिन्स यांनी १७४२ साली तिचे विवेचन केले. टांगलेल्या ठोकळ्यात छर्रा रुततो आणि ठोकळा मागे झुलतो. समजा, ०.५४४ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २४० मीटर वेगाने ५०० ग्रॅमच्या ठोकळ्यात शिरला. संवेग अक्षय्यतेच्या नियमानुसार ठोकळ्याचा वेग सेकंदाला सुमारे २६ सेंटिमीटर होईल. एक मीटर लांबीच्या लंबकावर तो आडव्या दिशेने सुमारे ८.३ सेंटिमीटर सरकेल, पण वर मात्र जेमतेम साडेतीन मिलिमीटर चढेल. म्हणून चढाची उंची न मोजता आडवे अंतर मोजणे श्रेयस्कर. येथे विद्यार्थ्यांच्या हातून एक चूक हमखास होते. ते छऱ्याची गतिज ऊर्जा थेट ठोकळ्याच्या स्थितिज ऊर्जेबरोबर मांडतात. वस्तुतः या टकरीत मूळ ऊर्जेचा सुमारे एक हजारांश भागच लंबकाच्या गतीत उरतो. बाकीची ऊर्जा छऱ्याचा आकार बदलण्यात, ठोकळा फाडण्यात व उष्णतेत खर्च होते. संवेग टिकतो, गतिज ऊर्जा टिकत नाही, हा पाठ्यपुस्तकातील भेद येथे प्रत्यक्ष दिसतो.

आजची प्रचलित पद्धत म्हणजे इलेक्ट्रॉनिक क्रोनोग्राफ. ठरावीक अंतरावरील दोन प्रकाशसंवेदकांवरून छऱ्याची सावली जाते आणि मधला काळ मोजला जातो. संवेदकांतील अंतर ३० सेंटिमीटर असेल, तर २४० मीटर वेगाच्या छऱ्यास ते कापण्यास १.२५ मिलिसेकंद लागतात. आजच्या घड्याळांना हा काळ अचूक मोजणे अवघड नाही. खरी अडचण अंतराची आहे. संवेदकांतील अंतरात एक मिलिमीटरचा फरक राहिला, तर वेगात सुमारे ०.३३ टक्के चूक येते. ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्याने तीत ही चूक दुप्पट, म्हणजे ०.६७ टक्के होते. छर्रा संवेदकांवरून तिरका गेल्यास अथवा प्रकाश अपुरा असल्यासही वाचन बिघडते.

नळीपासून लक्ष्यापर्यंतच्या आवाजांमधील काळावरूनही वेग काढता येतो. मात्र त्यातून आवाजाच्या प्रवासाचा काळ वजा करावा लागतो. शिवाय हाती येतो तो मार्गावरील सरासरी वेग. हवेच्या विरोधामुळे तो नळीच्या तोंडाशी असलेल्या वेगापेक्षा कमी भरतो, तर कायद्याला नळीच्या तोंडाशी असलेली ऊर्जा अभिप्रेत असते.

मर्यादेच्या काठावरील प्रश्न :

ब्रिटिश नियमांत बंदूक मर्यादेपलीकडील ऊर्जा देण्यास ‘समर्थ’ आहे काय, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. येथे सरासरी कामास येत नाही. उदाहरणादाखल, ०.५४४ ग्रॅमच्या छऱ्याचा सरासरी वेग सेकंदाला २४३ मीटर असल्यास ऊर्जा १६.०६ ज्यूल, म्हणजे मर्यादेच्या आत. परंतु दहा फैरींपैकी एकीत वेग २४७ मीटर झाला, तर ऊर्जा १६.५९ ज्यूल होऊन मर्यादा ओलांडली जाते.

यात छऱ्याच्या निवडीची भर पडते. स्प्रिंग व दट्ट्यावर चालणाऱ्या बंदुका बहुधा हलक्या छऱ्यास अधिक ऊर्जा देतात, तर आधीच भरून ठेवलेल्या दाबाच्या हवेवर चालणाऱ्या बंदुका बहुधा जड छऱ्यास अधिक ऊर्जा देतात. त्यामुळे एकाच छऱ्यावर केलेली चाचणी अपुरी ठरते. कार्बन डायऑक्साइडवरील बंदुकीचा वेग उन्हाळ्यात वाढतो, कारण तापमानाबरोबर त्या वायूचा दाब वाढतो. स्प्रिंगच्या बंदुकीत तेल जास्त झाल्यास दाबामुळे ते पेट घेते आणि काही फैरींचा वेग अकस्मात वाढतो. या सर्व कारणांस्तव जाणकार मंडळी बंदूक मर्यादेला अगदी टेकवून न ठेवता थोडे अंतर राखतात.

मर्यादा आणि सुरक्षितता :

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा असा की, परवान्याची मर्यादा ही सुरक्षिततेची मर्यादा नव्हे. ४.५ मिलिमीटरचा छर्रा सेकंदाला सुमारे १०० मीटर वेगाने आदळला तरी मानवी त्वचा भेदू शकतो. तेव्हा त्याची ऊर्जा तीन ज्यूलहूनही कमी असते. डोळ्यास इजा होण्यास तर याहूनही कमी ऊर्जा पुरते. २० ज्यूलच्या आतील बंदूक परवानामुक्त असली, तरी ती निरुपद्रवी ठरत नाही. पक्ष्यांच्या बाबतीतही हेच खरे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ अन्वये संरक्षित पक्ष्याची शिकार हा गुन्हाच होय, मग बंदुकीस परवाना लागत असो वा नसो. अरुणाचल प्रदेशात २०२१ साली एअर गन स्वेच्छेने परत करण्याची मोहीम सुरू झाली, ती याच जाणिवेतून.

समारोप :

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, कायद्यातील एक आकडा प्रत्यक्षात लागू करताना छऱ्याचे वस्तुमान, मापनातील त्रुटी, तापमान आणि फैरींमधील फरक या सर्वांचा विचार करावा लागतो. चाचणीच्या अहवालात छऱ्याचा प्रकार व वजन, फैरींची संख्या, सर्वाधिक वेग, तापमान आणि नळीपासूनचे अंतर यांची नोंद नसेल, तर निव्वळ वेगाचा आकडा पुरावा म्हणून दुबळा ठरतो. भौतिकशास्त्र, विधी आणि प्राणिशास्त्र या तिन्ही विभागांच्या अध्यापकांना एकत्रितपणे हाताळता येईल असा हा विषय आहे. संवेग व ऊर्जा यांतील भेद, त्रुटींचे गणित आणि कायद्याचा शब्दार्थ या तिन्ही गोष्टी त्याच्या आधारे विद्यार्थ्यांना एकाच उदाहरणातून शिकविता येतील. त्यासाठी वर्गात बंदूक आणण्याचीही गरज नाही. वर दिलेले आकडे फळ्यावर मांडले तरी पुरेसे आहे.