पिंपरी-चिंचवड : कंपनीच्या पत्त्यावर वसलेले शहर, आता जमीन कारखान्याला की घरांना?

पिंपरी-चिंचवडमध्ये रिक्षावाल्याला पत्ता सांगताना अनेकदा कंपनीचेच नाव घ्यावे लागते. केएसबी चौक, थरमॅक्स चौक, एचए कॉलनी, टेल्को रोड. टेल्कोचे नाव २००३ मध्ये टाटा मोटर्स झाले, पण रस्ता अजून टेल्कोचाच आहे. पुण्याचे उपनगर म्हणून वाढलेल्या या भागात कारखाने आधी आले आणि शहर त्यांच्यामागून आले. आज त्याच कारखान्यांच्या जमिनीला घरबांधणीसाठी मोठी मागणी आहे. हे शहर कसे घडले आणि आता ते कोणत्या वळणावर आहे, ते समजून घेऊया.

कारखान्यांआधी येथे काय होते?

पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही पवना आणि इंद्रायणी नद्यांच्या खोऱ्यांतील शेतीची गावे. चिंचवडची ओळख मोरया गोसावींचे समाधीस्थान आणि क्रांतिकारक चापेकर बंधूंचे गाव अशी. एका बाजूला देहू, दुसऱ्या बाजूला आळंदी. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची छावणी पिंपरीत वसली. ‘पिंपरी कॅम्प’ ही आजची मोठी बाजारपेठ तेथूनच उभी राहिली.

पहिला मोठा कारखाना औषधांचा कसा?

स्वातंत्र्यानंतर पेनिसिलीनसाठी देशाला आयातीवर अवलंबून राहावे लागत होते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने केंद्र सरकारने १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना केली. औषधनिर्मितीतील ही देशातील पहिली सरकारी कंपनी. पुढच्याच वर्षी येथे पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. मुंबई-पुणे महामार्ग, रेल्वे आणि नदीचे पाणी, तिन्ही गोष्टी येथे हाताशी होत्या.

ही कंपनी केवळ उत्पादन करत नव्हती. १९६१ मध्ये येथील संशोधकांनी बुरशीविरोधी औषध शोधले. त्याच्या ‘हॅमायसिन’ या नावात कंपनीची आद्याक्षरे आहेत.

वाहननगरी कशी झाली?

१९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, स्थापन झाले. मुंबईतील उद्योगांची गर्दी राज्यात इतरत्र पसरवणे हे त्यामागचे धोरण होते. भोसरी-चिंचवड पट्ट्यातील शेतजमिनी संपादित झाल्या आणि जे ब्लॉक, टी ब्लॉक अशा नावांच्या वसाहती उभ्या राहिल्या. आकुर्डीत बजाज ऑटोने स्कूटर बनवायला सुरुवात केली. १९६६ मध्ये टेल्कोने आपल्या पुणे प्रकल्पाचा पाया घातला. १९७२ मध्ये बाजारात आलेल्या बजाज ‘चेतक’साठी ग्राहक वर्षानुवर्षे नंबर लावून थांबत.

एका मोठ्या कंपनीमागे शेकडो लहान वर्कशॉप उभी राहिली. ट्रकला आणि स्कूटरला लागणारे सुटे भाग भोसरीतल्या लेथवर तयार होऊ लागले. मराठवाडा, सोलापूर, सातारा, खानदेश आणि कोकणातून तरुण कामाला आले. ‘मुलगा टेल्कोत परमनंट आहे’ एवढे वाक्य लग्न जमायला पुरेसे असे. शहराचे घड्याळही शिफ्टवर चालू लागले.

शहराची सोय नंतर का झाली?

कामगार आले तेव्हा येथे ग्रामपंचायती होत्या. १९७० मध्ये चार गावांची नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महापालिका. कामगारांना परवडणारी घरे मिळावीत म्हणून १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. निगडीचा ‘प्राधिकरण’ भाग त्यातलाच. पण लोक ज्या वेगाने आले, त्या वेगाने घरे झाली नाहीत. गुंठ्या-दोन गुंठ्यांवर विनापरवाना घरे वाढत गेली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सव्वासतरा लाखांवर होती.

पाण्याचेही तेच झाले. पवना धरणातून शहरासाठी बंद जलवाहिनी टाकण्यास मावळातील शेतकऱ्यांचा विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा मृत्यू झाला. नोव्हेंबर २०१९ पासून शहरात दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला.

जकात गेल्याने काय बदलले?

कारखान्यात येणाऱ्या प्रत्येक कच्च्या मालावर महापालिकेला जकात मिळत असे. ‘श्रीमंत महापालिका’ ही ओळख त्यातूनच मिळाली. एप्रिल २०१३ मध्ये जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला आणि जुलै २०१७ मध्ये जीएसटी. आता महापालिकेचे उत्पन्न जीएसटीपोटी राज्याकडून येणारे अनुदान, मिळकतकर आणि बांधकाम परवानगीचे शुल्क यांवर उभे आहे. कारखान्याने जास्त माल बनवला म्हणून पालिकेची तिजोरी थेट भरत नाही; इमारती वाढल्या की मात्र भरते.

कारखाने जात आहेत का?

बजाजने आकुर्डीतील वाहन उत्पादन २००७ मध्ये थांबवले. त्याच वर्षी करसवलती असलेल्या उत्तराखंडात कंपनीचा पंतनगर प्रकल्प सुरू झाला. चाकणचा प्रकल्प त्याआधीच उभा होता. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स नव्वदच्या दशकातच आजारी उद्योगांच्या यादीत गेली. २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देणी भागवण्यासाठी कंपनीची अतिरिक्त जमीन विकण्याचा निर्णय घेतला. २०१९ मध्ये थकीत पगार आणि स्वेच्छानिवृत्तीसाठी सुमारे २८० कोटी रुपयांचे कर्ज मंजूर झाले.

एमआयडीसीचे भूखंड ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतात. खासगी मालकीच्या औद्योगिक जमिनी मात्र नियमांतील अटी पाळून निवासी वापरात आणता येतात. लहान उद्योगांची अडचण आणखी वेगळी आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने चिखली-कुदळवाडीतील अनधिकृत भंगार गोदामे आणि शेडवर मोठी कारवाई केली. त्यात छोटी वर्कशॉपही गेली. आगी आणि प्रदूषणाचे कारण खरे होते. पण तेथे काम करणाऱ्यांनी यंत्रे कुठे न्यायची, हा प्रश्नही तितकाच खरा होता.

पुढे काय?

उलट दिशेचे उदाहरणही याच शहरात आहे. आकुर्डीत जेथे चेतक बनत असे, तेथे जून २०२२ मध्ये बजाजने इलेक्ट्रिक वाहनांचा नवा प्रकल्प सुरू केला. जुन्या जागेवर नवे उत्पादन येऊ शकते, हे त्यातून दिसले.

आयटी पार्क शेजारच्या हिंजवडीत, मोठे वाहन कारखाने चाकणमध्ये आणि घरे पिंपरी-चिंचवडमध्ये, अशी विभागणी वाढत आहे. ज्या शहरात माणसे कंपनीच्या शेजारी राहायला आली, तेथील कामगाराला आता कामासाठी शहराबाहेर जावे लागते. लहान उद्योगांसाठी शहरात परवडणारी जागा राखली, तरच हे चित्र बदलेल. नाही तर चौकांना कंपन्यांची नावे राहतील आणि शिफ्टची बस दुसऱ्या गावाला जाईल.