जीन्सचें आटणें आणि सैलावणें

नवें कोरें कापड एकदां पाण्यांतून काढल्यावांचून शिंप्याकडे देऊं नये, असा आपल्या घरांतील वडीलधाऱ्या बायकांचा जुना दंडक आहे. तयार कपडे विकत घेण्याची चाल पडल्यापासून हा दंडक मागें पडला, आणि त्याबरोबर त्यामागील कारणही विस्मृतींत गेलें. कापडानें मात्र आपला स्वभाव सोडलेला नाहीं. पौडच्या बाजारांतून अगर पुण्याहून हौसेनें आणिलेली जीन्सची विजार दुकानांत अंगास चपखल बसते. पहिल्या धुण्यानंतर तिची कमर लागत नाहीं व पाय घोट्याच्या वर जातात. आणि तीच विजार चार दिवस अंगावर वागविली म्हणजे गुडघ्यापाशीं पोकळ व कमरेस ढिली होते. ज्या घरीं अशी एक विजार घेण्यासाठीं महिना दोन महिने पैसे बाजूस टाकावे लागतात, त्या घरीं ही केवळ गमतीची गोष्ट नसते. तेव्हां कापड आटतें म्हणजे नेमकें काय होतें, याचा थोडा विचार करूं.

हें कापड सर्वस्वीं परकें आहे असें मात्र कोणी समजूं नये. ‘डेनिम’ हें नांव फ्रान्समधील नीम शहरावरून व ‘जीन्स’ हें इटलींतील जिनोआ बंदरावरून पडलें असें मानितात, आणि तांब्याच्या खिळ्यांनीं खिसे पक्के केलेल्या विजारीचें पेटंट जेकब डेव्हिस व लेव्ही स्ट्रॉस यांस अमेरिकेंत २० मे १८७३ रोजीं मिळालें, हें खरें. परंतु याच जातीच्या जाड्याभरड्या कापडास इंग्रजींत जो ‘डंगरी’ शब्द आहे, तो आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून गेलेला आहे. आणि ज्या निळीनें तें रंगवीत, तिचें ‘इंडिगो’ हें नांवही हिंदुस्थानावरूनच पडलें आहे.

आतां मूळ विषयाकडे वळूं. गोठ्यांतील दावें पावसांत भिजलें म्हणजे त्याची गांठ सुटतां सुटत नाहीं, हें मुळशी खोऱ्यांतील प्रत्येक मुलास ठाऊक असतें. कोरडेपणीं सहज सुटणारी गांठ भिजल्यावर इतकी कां आवळते? पाणी तर वस्तूस मऊ करितें! याचें उत्तर असें कीं, दाव्याचे तंतू पाणी पिऊन फुगतात, पण ते लांबीनें न वाढतां जाडीनें वाढतात. कापसाचा तंतू घेतला, तर भिजल्यावर त्याची जाडी शेंकडा वीसच्या आसपास वाढते. लांबी मात्र जेमतेम शेंकडा एक. पीळ दिलेल्या दोरींत प्रत्येक तंतू जिन्यासारखा वळसे घेत गेलेला असतो. दोरी जाड झाली म्हणजे प्रत्येक वळसा मोठा होतो. तंतूची लांबी तर जवळजवळ तेवढीच राहते; मग त्या मोठ्या वळशांसाठीं लागणारी लांबी आणावयाची कोठून? ती दोरीच्या लांबींतूनच खर्ची पडते, आणि दोरी आखूड होऊन गांठ आवळते.

कापडाचें आटणें हें याच जातीचें आहे. विणलेल्या कापडांत उभें सूत, म्हणजे ताणा, आणि आडवें सूत, म्हणजे बाणा, हीं एकमेकांच्या खालून वरून जात असतात. डेनिममध्यें ताण्याचें सूत निळीनें रंगविलेलें व बाण्याचें पांढरें असतें. आणि ताणा हा बाण्याच्या तीन सुतांवरून व एकाखालून जात असल्यामुळें कापडाची बाहेरची बाजू निळी दिसते, आंतली पांढुरकी. मागावर विणतांना ताण्यास तंग ओढून धरावें लागतें, नाहीं तर धोटा सुरळीत जाणार नाहीं. ओढलेलें सूत सरळ होतें. त्यानें जेवढीं वळणें घ्यावयास हवीं होतीं, तेवढीं तें घेत नाहीं. वरून खळीचा कडकपणा त्यास तसेंच जखडून ठेवितो. दुकानांतील कोऱ्या कापडाची लांबी ही म्हणून त्याची खरी लांबी नव्हे, ती ताणलेली लांबी होय.

मागाचा विषय निघाला म्हणून सांगावेंसें वाटतें. मुळा व नीळा या नद्यांच्या संगमाशीं टाटा कंपनीनें धरण बांधावयास घेतलें, तेव्हां सेनापति बापट, विनायकराव भुस्कुटे प्रभृतींनीं १९२१ सालीं त्याविरुद्ध सत्याग्रह आरंभिला. तरीही धरण झालें, आणि १९२७ पासून त्याचें पाणी सह्याद्रीखालीं भिरा येथें उतरवून तयार होणारी वीज मुंबईस जाऊं लागली. त्या विजेचें मोठें गिऱ्हाईक म्हणजे तेथील कापडाच्या गिरण्या. मुंबईच्या मागांवर सूत ताणलें जात होतें त्यांत मुळशीच्या बुडालेल्या भातखाचरांचा असा हिस्सा होता, हें आपल्याकडे फारसें कोणी बोलून दाखवीत नाहीं.

असें ताणलेलें कापड प्रथम पाण्यांत पडलें म्हणजे खळ निघून जाते, सूत मोकळें होतें आणि फुगतें. बाण्याचें सूत जाड झाल्यामुळें ताण्यास त्याच्याभोंवतीं मोठें वळण घ्यावें लागतें व त्यांत त्याची लांबी खर्ची पडते. वाळल्यानंतर फुगलेपणा जातो, पण सुतानें घेतलेलीं वळणें तशींच राहतात. कापडाचा एकही तंतू नाहींसा झालेला नसतो; तें केवळ आपल्या मूळ स्थितीस आलेलें असतें. ताणा अधिक ओढलेला असल्यामुळें आटणें रुंदीपेक्षां लांबींत अधिक दिसतें. संस्कार न केलेलें डेनिम लांबींत शेंकडा दहापर्यंतही आटूं शकतें. म्हणजे ज्या विजारीच्या पायाची आंतली शिवण ७५ सेंटिमीटर, ती सात सेंटिमीटरांवर, चांगली चार बोटें, आखूड व्हावयाची! बहुतेक आटणें पहिल्या धुण्यांत व उरलेलें पुढील दोन तीन धुण्यांत होतें. कढत पाणी व पुष्कळ घुसळणें यांनीं तें लवकर उरकतें.

जिज्ञासु विद्यार्थ्यानें हें स्वतः पडताळून पहावें. कोऱ्या मांजरपाटाचा एक तुकडा घेऊन त्यावर न धुपणाऱ्या शाईनें ५० सेंटिमीटरांचा चौरस आंखावा, एक बाजू काठाशीं समांतर ठेवावी. मग तो गरम पाण्यांत धुवून, न ओढतां वाळवून, पुन्हां मोजावा. काठाशीं समांतर बाजू बहुधा अधिक घटलेली आढळेल.

घोंगडीचें आटणें मात्र निराळें. लोकरीच्या तंतूवर माशाच्या खवल्यांसारखे सूक्ष्म खवले असतात. ऊन पाण्यांत चोळल्यानें ते एकमेकांत अडकतात व घोंगडी घट्ट होते. एकदां असें झालें म्हणजे तीस पूर्ववत् करितां येत नाहीं.

गिऱ्हाइकांची ही तक्रार दूर करण्याचा उपाय सॅनफर्ड क्लूएट या अमेरिकन गृहस्थानें शोधून १९३० सालीं त्याचें पेटंट घेतलें. त्याच्याच नांवावरून ‘सॅनफोराइज्ड’ हा शब्द झाला. युक्ति मोठी नामी आहे. रबराचा जाड पट्टा रुळावरून वळतांना बाहेरच्या अंगास ताणला जातो व सरळ होतांना आंखडतो. वाफेनें ओलसर केलेलें कापड त्या ताणलेल्या अंगावर दाबून बसविलें, तर पट्ट्याबरोबर तेंही आंखडतें. त्याच स्थितींत तें वाळवितात. म्हणजे जें आटणें आपल्या घरीं बादलींत व्हावयाचें, तें गिरणींतच होऊन जातें. अशा डेनिमचें मागाहून होणारें आटणें सामान्यतः शेंकडा एक ते तीन इतकेंच उरतें. आज मिळणाऱ्या बहुतेक विजारी या जातीच्या असतात.

आतां सैलावण्याविषयीं. उठतांबसतांना, गाडीवर मांड टाकून हिंजवडीस कामास जातांयेतांना, गुडघे व बैठक येथील कापडावर पुन्हां पुन्हां ताण पडतो. अंगाची ऊब व घाम यांनीं सूत नरम झालेलें असतें. त्याचीं वळणें तेवढ्यापुरतीं सरळ होतात, सुतें एकमेकांवरून किंचित् सरकतात, आणि कापूस रबरासारखा लवचिक नसल्यामुळें सर्वस्वीं परत येत नाहीं. कमरेचा व मांड्यांचा घेर हा बहुतांशीं बाण्याच्या दिशेस येतो, व ती दिशा ताण्याइतकी घट्ट नसते. म्हणून विजार लांबीपेक्षां घेरांत अधिक सैलावते. पुन्हां धुतली कीं पाणी सुतास वळणांवर आणितें, आणि सोमवारची तंग विजार शनिवारीं ढिली व रविवारच्या धुण्यानंतर पुन्हां तंग, असा फेरा चालतो. यावरून खरेदीचें धोरण सहज ठरतें. निवळ सुती जीन्स कमरेस किंचित् तंग पण पायांस लांब अशी घ्यावी. वाढत्या वयाच्या मुलाच्या विजारीचें पायाचें कापड कापूं नये, आंत मुडपून घ्यावें.

अलीकडील पुष्कळ जीन्समध्यें कापसाबरोबर शेंकडा एक ते तीन इतका इलॅस्टेनचा धागा असतो. तो अमेरिकेंत जोसेफ शिव्हर्स यानें १९५८ सालीं तयार केला. तो ताणला तरी पूर्वस्थितीवर येतो, म्हणून अशी विजार अंगाबरोबर वांकते. पण उष्णतेनें त्याचा जोर जातो, व मग गुडघ्यावर आलेला पोकळपणा धुवूनही मोडत नाहीं. आपल्या भागांत आषाढ-श्रावणांत ऊन दिसत नाहीं, आणि जाड जीन्स तीन तीन दिवस ओली राहून तीस कुबट वास येतो. म्हणून ती चुलीच्या वर टांगण्याचा मोह होतो. इलॅस्टेनच्या विजारीस ही धग बाधते. निवळ सुती विजारीस तिची इतकी भीति नाहीं, परंतु धुराचे डाग पडतात. त्यापेक्षां ओली असतांनाच तिचे पाय दोन्ही हातांनीं लांबीच्या बाजूस बेताने ओढावे, आंतली बाजू बाहेर करून ती पडवींत वारा लागेल अशा ठिकाणीं कमरेशीं अडकवावी आणि पाय खालीं मोकळे सोडावे. पाण्याच्या वजनानें लांबी बरीचशी राखली जाते.