मातीतले वाहन डांबरी रस्त्यावर

वाहन कसे असावे हे माणूस ठरवतो असे आपण म्हणतो. वस्तुतः ते बरेचसे वाटच ठरवीत असते. देशावरच्या जुन्या बैलगाडीचे चाक माणसाच्या छातीला लागेल एवढे मोठे असे, ते काही हौसेखातर नव्हे. चाकोरीतले खड्डे, शेतांचे बांध आणि ओढ्यातले धोंडे लहान चाकाला अडवतात. मोठे चाक त्यांच्यावरून सहज चढून जाते. मातीतून आणि खडकातून धावण्यासाठी घडवलेल्या मोटारसायकलीलाही हाच न्याय लागू पडतो. तिचे पुढचे चाक बहुधा २१ इंची असते, टायर अरुंद आणि खोल नक्षीचा असतो, शॉकअप लांब पल्ल्याचे असतात आणि बैठक उंच असते. रानवाटेवर हे सारे तिचे गुण. परंतु हीच गाडी डांबरी रस्त्यावर आणली म्हणजे त्या गुणांचेच दोष होऊ लागतात. वळणावर टायरवरील रबराचे उंच ठोकळे लवतात, ब्रेक दाबताच गाडीचे नाक खोल खाली बसते आणि चाक जमिनीला जेवढे धरून राहावे तेवढे राहत नाही.

या अडचणीतून एक निराळाच प्रकार जन्माला आला. त्याला ‘सुपरमोटो’ म्हणतात. १९७९ साली अमेरिकेतील एबीसी या दूरचित्रवाणी संस्थेने कॅलिफोर्नियातील कार्ल्सबाड येथे ‘सुपरबायकर्स’ नावाची शर्यत भरवली. तिची वाट काही भाग डांबरी, तर काही भाग मातीची होती. डांबरी सडकेचे, मातीचे आणि रानवाटेचे नामांकित स्वार एकाच मैदानावर उतरले, तर त्यांत सर्वांगीण वाकबगार कोण ठरेल, हे पाहण्याची ती युक्ती होती. स्वारांनी रानवाटेच्या हलक्या गाड्या घेतल्या आणि त्यांना डांबराला साजेशी चाके चढवली. अमेरिकेतील ती शर्यत १९८५ नंतर बंद पडली. पण तोवर ही कल्पना युरोपात, विशेषतः फ्रान्समध्ये, रुजली होती. पुढे कारखान्यांनीच अशा गाड्या बनवून विकण्यास प्रारंभ केला. जपानच्या सुझुकीने डीआर-झेड ४०० ही आपली रानवाटेची गाडी २००५ साली लहान चाके आणि मोठा ब्रेक लावून वेगळ्या नावाने बाजारात आणली, हे त्याचे परिचित उदाहरण होय.

आपल्या देशात ही हौस रुजण्यास बेंगळुरूसारखे दुसरे अनुकूल शहर क्वचितच सापडेल. १९४० साली तेथे विमानांचा कारखाना सुरू झाला, १९५३ साली हिंदुस्थान मशीन टूल्स उभी राहिली, आणि पुढे पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत लहानमोठ्या यंत्रशाळांची दाटी झाली. त्यामुळे लेथवर बसून मिलिमीटरच्या अंशापर्यंत काम काढणारा कारागीर या शहरात दुर्मीळ नाही. पुण्यात सुट्या भागांसाठी जी ख्याती नाना पेठेची, ती बेंगळुरूत जे. सी. रोडची. शिवाय याच शहराचे सी. एस. संतोष यांनी २०१५ साली डाकारची खडतर रॅली पूर्ण केली, तेव्हापासून तेथील तरुणांचे रानवाटेच्या गाडीविषयीचे आकर्षण वाढलेच. मे २०१९ मध्ये हीरो कंपनीची एक्सपल्स २०० ही गाडी सुमारे लाखभर रुपयांत मिळू लागली आणि हे आकर्षण मध्यमवर्गीय तरुणाच्याही आवाक्यात आले. परंतु त्याचा नित्याचा प्रवास रानातून होत नाही. तो होतो शहराच्या डांबरावरून. मग हीच गाडी थोड्या पैशांत सुपरमोटो करता येईल काय, असा प्रश्न त्याला पडतो.

या प्रश्नाचे उत्तर बाजारात शोधण्याआधी गणितात शोधावे. सुपरमोटोचे मर्म चाकात आहे. त्याची दोन्ही चाके १७ इंची असतात. याचे कारण साधे आहे: डांबराला घट्ट धरणारे मऊ रबराचे टायर मुख्यत्वे याच मापात निघतात. आपल्याकडे तर दीडशे-दोनशे सीसीच्या नेहमीच्या गाड्यांचे मापही १७ इंचीच असल्यामुळे हे टायर गावोगावी मिळतात आणि त्यांची किंमतही आटोक्यात राहते.

आता एक्सपल्सचेच उदाहरण घेऊ. तिच्या पुढच्या टायरचे माप ९०/९०-२१, तर मागच्याचे १२०/८०-१८. यांतील पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, दुसरा रुंदीच्या मानाने उंचीचा शेकडा, आणि तिसरा रिमचा इंची व्यास. हिशेब केला तर पुढच्या चाकाचा एकूण व्यास सुमारे ६९५ मिलिमीटर भरतो. त्याच्या जागी ११०/७०-१७ टायर लावला, तर तो ५८६ होतो; म्हणजे आस जमिनीच्या सुमारे ५५ मिलिमीटर जवळ येतो. मागे १३०/७०-१७ लावल्यास आस केवळ १८ मिलिमीटर खाली येतो. गाडी पुढून अधिक आणि मागून कमी खचल्यामुळे तिच्या दोन चाकांमधील १४१० मिलिमीटर अंतरावर सुमारे दीड अंशाचा उतार पडतो. पुढचा फोर्क तेवढाच उभा होतो. दीड अंश ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण हँडल चटकन वळू लागते ते यामुळेच, आणि भरवेगात गाडी पूर्वीइतकी स्थिर राहत नाही तेही यामुळेच.

या एकाच बदलातून इतर परिणाम ओळीने निघतात. ज्याला ते आधी उमगतात त्याचे पैसे वाचतात. पहिला परिणाम ब्रेकचा. चाक लहान झाले म्हणजे तोच ब्रेक तेवढ्याच दाबाने रस्त्यावर अधिक जोर लावतो. येथे ती वाढ सुमारे १९ टक्के आहे. गाडीची मूळची २७६ मिलिमीटरची डिस्क जणू सव्वातीनशे मिलिमीटरच्या डिस्कचे काम करू लागते. म्हणजे महागडी मोठी डिस्क पहिल्याच दिवशी विकत घेण्याचे कारण उरत नाही. चांगले पॅड आणि ताजे ब्रेक ऑइल पुरेसे होते. दुसरा परिणाम गतीच्या जोडणीचा. मागचे चाक लहान झाल्याने इंजिनाला तेवढ्याच वेगासाठी सुमारे पावणेसहा टक्के अधिक फिरावे लागते. पुढच्या स्प्रॉकेटला तेरा दात असतील, तर चौदा दातांचे बसवले की ही तूट भरून थोडी शिल्लक उरते. हा खर्च फार नाही. तिसरा परिणाम वेगमापकाचा. ज्या गाडीत वेग पुढच्या चाकावरून मोजला जातो, तेथे खरा वेग ताशी ५० किलोमीटर असताना काटा ५९ दाखवील. चाक घसरू न देणारी एबीएस यंत्रणाही चाकाच्या फेऱ्यांवरूनच निर्णय घेते. तिने गृहीत धरलेला परीघ बदलला, की तिचे वागणे मोकळ्या जागेत तपासून पाहावेच लागते.

आता प्रत्यक्ष कामाचा क्रम पाहू. बैलगाडीच्या चाकात जसे तुंबा, आरे आणि धाव असे भाग असतात, तसेच या चाकात हब, स्पोक आणि रिम असतात. काटकसरीची खरी युक्ती अशी, की हब मूळचेच ठेवावेत. त्यांच्यावर डिस्क, बेअरिंग आणि एबीएसची दातेरी कडी आधीच बसलेली असते. ते बदलले तर नवे बुश, नवे अ‍ॅक्सल आणि लेथवरचे काम यांचे शुक्लकाष्ठ मागे लागते. बदलायचे ते रिम आणि स्पोक. रिमला हबइतकीच भोके असावीत आणि स्पोकची लांबी नव्या व्यासाप्रमाणे मोजून घ्यावी. चाक बांधून त्याचा ‘आउट’ काढणारा कारागीर मात्र अनुभवीच असला पाहिजे, कारण येथे वाचवलेला रुपया पुढे जिवाशी खेळतो. अशा चाकात बहुधा ट्यूब लागतेच. टायरवर ‘ट्यूबलेस’ असे छापले आहे म्हणून ती गाळता येत नाही.

जुन्या मालाच्या बाजारात काय घ्यावे आणि काय घेऊ नये, हाही विवेक हवा. मडगार्ड, हँडल, दिव्याची चौकट या वस्तू जुन्या चालतील. जुना रिम घ्यावयाचा झाल्यास तो फिरवून पाहावा. मात्र स्पोकच्या भोकांपाशी तडा गेलेला असेल, तर तो फुकटही नको. टायर आणि पॅड कधीही जुने घेऊ नयेत. टायरच्या अंगावर चार आकडे छापलेले असतात. ते ३२२४ असतील, तर तो टायर २०२४ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात निघालेला आहे असे समजावे.

चाके बसली की गाडी बुटकी होते आणि तिचा साइड स्टँड लांब पडतो. गाडी जवळजवळ ताठ उभी राहते आणि वाऱ्याच्या झोताने कलंडते. म्हणून स्टँड तेवढा आखूड करावा लागतो. मागचा रुंद टायर चेनला घासतो की काय, हे चाक हाताने फिरवून पाहावे. पुढच्या फोर्कमध्ये थोडे घट्ट तेल घातले, तर ब्रेक लावताना नाक खाली बसणे कमी होते; नवे फोर्क घेण्यापेक्षा हा उपाय कितीतरी स्वस्त आहे. इंजिनाला हात लावण्याचे मुळीच प्रयोजन नाही. कर्कश सायलेन्सर लावल्याने वळण अधिक सुबक घेता येते, असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही.

या साऱ्यातून गाडीने काय गमावले, याचाही हिशेब मांडला पाहिजे. लहान चाक खड्ड्यात अधिक खोल जाते. पावसाळ्यातील बेंगळुरूचे रस्ते आणि तेथील उंचवटे ज्यांनी अनुभवले आहेत, त्यांना २१ इंची चाकाची थोरवी निराळी सांगण्याची गरज नाही. जेथे डांबर चांगले, तेथे सुपरमोटोसारखी चपळ गाडी नाही. जेथे ते उखडले, तेथे मूळची गाडीच बरी होती असे वाटू लागते.

याहून गंभीर गोष्ट कायद्याची आहे, आणि उत्साहाच्या भरात नेमकी तीच विसरली जाते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या ५२व्या कलमानुसार, निर्मात्याने मूळ नमूद केलेल्या तपशिलांशी नोंदणीतील तपशील विसंगत ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा हाच अर्थ निःसंदिग्धपणे सांगितला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने १८२अ हे कलम आले. नियमाबाहेर बदल करणाऱ्या मालकाला त्यान्वये सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द लक्षात ठेवण्याजोगे आहेत. अपघात झाला, तर न कळवलेल्या बदलाकडे बोट दाखवून विमा कंपनी भरपाईवर हरकत घेऊ शकते. मग दुसऱ्याच्या जखमेचा भारही मालकाच्या घरावर येऊन पडतो. चाके बदलणे हा फिटरच्या दृष्टीने अर्ध्या दिवसाचा उद्योग असेल. पण त्या गाडीने रहदारीत उतरण्याआधी प्रादेशिक परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करणे, हा त्या उद्योगाचाच एक भाग मानला पाहिजे. त्या कार्यालयाने नकार दिला, तर बंदिस्त शर्यत-मैदान हीच या चाकांची योग्य जागा होय.

म्हणूनच जाणते कारागीर असा सल्ला देतात, की जे काम करावे ते परतवता येईल असे करावे. वर सांगितलेल्या रीतीत हब एकच असल्याने मूळ चाक पुन्हा बांधावे लागते. ज्याला दोन्हींकडे जायचे आहे, त्याने पैसे साठवून हबसकट चाकांची दुसरी जोडी करावी आणि मूळ जोडी जशीच्या तशी ठेवावी. मूळ स्प्रॉकेट आणि आखूड न केलेला स्टँडही जपून ठेवावा. गाडीची चौकट कापू नये, डिस्क आणि एबीएसच्या तारा तोडू नयेत. मैदानावर जाताना लहान चाके टेम्पोतून न्यावीत, तेथे चढवावीत आणि परतताना मूळची लावावीत. यात कष्ट अधिक आहेत. पण गाडीची नोंदणी, तिची विक्री-किंमत आणि मालकाची झोप ही तिन्ही शाबूत राहतात.

स्वस्तात काम करणे याचा अर्थ निकृष्ट वस्तू वापरणे असा नव्हे. कोणत्या बदलाने काय घडते हे कळले, म्हणजे कोणत्या वस्तू विकत घ्यावयाच्या नाहीत हे आपोआप कळते. मोठी डिस्क, नवे फोर्क, मोठ्या आवाजाचे सायलेन्सर ही यादी अशा रीतीने गळून पडली, की उरतात ते दोन रिम, काही स्पोक, दोन उत्तम टायर आणि एका दाताने मोठे स्प्रॉकेट. एवढ्यावर सुपरमोटोचा बहुतेक सारा आनंद मिळतो. त्यातून वाचलेला पैसा चांगल्या शिरस्त्राणावर आणि हातमोज्यांवर खर्च करावा, कारण गाडीचे चाक वाकले तर ते सरळ करणारा कारागीर जे. सी. रोडवर सापडतो, स्वाराच्या हाडांच्या बाबतीत मात्र एवढी खात्री कोणत्याही बाजारात मिळत नाही.