आठ आठवडे, तेरा धडे आणि एक बेल कर्व्ह!

दहावीनंतर गणिताला रामराम ठोकलेली मंडळी नोकरी सांभाळून, रात्री जागून, थेट अमेरिकन कॉलेजचा ‘फास्ट ट्रॅक’ स्टॅटिस्टिक्स कोर्स करताहेत. सोप्पं असतं का हे? आणि हाती काय लागतं?

सोमवार. सकाळचे नऊ वाजून चौदा मिनिटं. कंपनीची बस नेहमीप्रमाणे भूमकर चौकात अडकलेली. कुणी डुलक्या काढतंय, कुणी इअरफोन लावून रील्स बघतंय. आणि खिडकीजवळच्या सीटवर एक मुलगी मांडीवर लॅपटॉप घेऊन, मोबाइलचा हॉटस्पॉट चालू-बंद करत देवाचा धावा करतेय. स्क्रीनवर क्विझचा आठवा प्रश्न. अजून दोन बाकी. बरोबर ९ वाजून २९ मिनिटांनी क्विझ बंद होणार.

ही ९.२९ची काय भानगड? तर मॅडमचं कॉलेज आहे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर. तिथली डेडलाइन रविवार रात्री ११.५९. उन्हाळ्यात तिथल्या आणि आपल्या घड्याळात साडेनऊ तासांचा फरक. म्हणजे त्यांची रविवारची मध्यरात्र ही आपली सोमवारची सकाळ. हिंजवडीत नोकरी करणाऱ्याला यापेक्षा वाईट मुहूर्त शोधून सापडणार नाही!

तिचं नाव छापायचं नाही, ही तिची अट. ती सत्तावीस वर्षांची, एका कंपनीत एचआर एक्झिक्युटिव्ह, आणि ऑफिसला अजून पत्ता नाही की ती परदेशात मास्टर्सला जायच्या तयारीत आहे. अ‍ॅडमिशन मिळाली होती, पण एका अटीवर. ऑगस्टच्या आत स्टॅटिस्टिक्सचा एक इन्ट्रोडक्टरी कोर्स पूर्ण करायचा आणि त्यात किमान बी ग्रेड, म्हणजे ऐंशी टक्के आणायचे. नाही जमलं तर सीट गेली. दहावीत बीजगणित-भूमिती मिळून कसेबसे बेचाळीस मिळवणाऱ्या मुलीला ऐंशी टक्के!

अट नेमकी येते कुठून?

पब्लिक हेल्थ, सायकॉलॉजी, बिझनेस अ‍ॅनॅलिटिक्स, एचआर... अशा बऱ्याच मास्टर्स कोर्सेसना परदेशी युनिव्हर्सिटी आधी एक बेसिक स्टॅटिस्टिक्स मागतात. आपल्याकडे आर्ट्स, मास कॉम किंवा लिटरेचरवाल्यांच्या मार्कशीटवर तो विषय बहुतेक वेळा नसतोच. मग उपाय काय? सोळा आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये शिकवला जाणारा विषय आठ, कधी सहा आठवड्यांत उरकणारा समर कोर्स. ऑनलाइन, घरबसल्या, आपल्या वेळेनुसार. जाहिरात वाचून वाटतं, वा! अर्ध्या वेळात काम फत्ते.

इथेच पहिली गफलत होते. कोर्स छोटा होत नाही, फक्त आठवडे कमी होतात.

साधा हिशेब करू. अमेरिकेतल्या क्रेडिटच्या सरकारी व्याख्येनुसार एका क्रेडिटमागे आठवड्याला एक तास वर्ग आणि किमान दोन तास घरचा अभ्यास, असं सुमारे पंधरा आठवडे. तीन क्रेडिटच्या विषयाला आठवड्याला नऊ तास, एकूण १३५. हेच १३५ तास आठ आठवड्यांत बसवले, तर आठवड्याला जवळपास सतरा तास. सहा आठवड्यांत बसवले तर साडेबावीस. सतरा तास म्हणजे रविवार धरून रोज सुमारे अडीच तास. नऊ तासांचं ऑफिस आणि तीन तासांचा प्रवास झाल्यावर!

गोड पहिले दोन आठवडे

गंमत म्हणजे सुरुवात जाम सोपी वाटते. सरासरी, मध्यक, बहुलक... अरेच्चा, हे तर शाळेत केलंय की! आलेख, स्टॅण्डर्ड डेव्हिएशन, थोडी प्रोबॅबिलिटी. एक्सेलमध्ये दोन फॉर्म्युले टाकले की उत्तर हजर. आपल्या एचआर मॅडमना पहिल्या दोन क्विझमध्ये ९६ आणि ९८. आईला फोन करून झाला, ‘अगं, उगाच घाबरत होते.’

तिसऱ्या आठवड्यात आला नॉर्मल डिस्ट्रिब्यूशन. म्हणजे आपला तो फेमस घंटेच्या आकाराचा बेल कर्व्ह. आणि ती चक्क थबकली. कारण गेली चार वर्षं ती अप्रेझलच्या सीझनमध्ये लोकांना समोर बसवून सांगत होती, ‘तुमचं काम चांगलंच आहे हो, पण बेल कर्व्हमध्ये बसवावं लागतं.’ आता तिला कळलं की हा कर्व्ह म्हणजे खूप मोठ्या संख्येने घेतलेली काही मोजमापं कशी पसरतात, त्याचं वर्णन आहे. दहा जणांच्या टीममध्ये कुणीतरी एक टॉप आणि कुणीतरी एक ढ असलाच पाहिजे, असा नियम त्यातून निघत नाही. ‘ज्यांना मी रडवलं ना, त्यांचे चेहरे त्या रात्री एकेक करून आठवले,’ ती म्हणते.

मग येते भिंत

चौथ्या-पाचव्या आठवड्यात खरा सिनेमा सुरू होतो. सॅम्पलवरून सगळ्यांबद्दल बोलायचं कसं, हा स्टॅटिस्टिक्सचा गाभा. समजा, कंपनीतल्या ३६ जणांना विचारलं, ऑफिसला पोचायला किती मिनिटं लागतात? सरासरी आली ६६, स्टॅण्डर्ड डेव्हिएशन १८. मग अख्ख्या कंपनीची सरासरी किती? १८ला ३६च्या वर्गमुळाने, म्हणजे सहाने भागायचं. आले ३. त्याच्या साधारण दुप्पट दोन्ही बाजूंना. म्हणजे खरी सरासरी ६० ते ७२च्या दरम्यान असावी, असं ९५ टक्के भरवशाच्या पद्धतीने म्हणता येतं. हा अंदाज दुप्पट नेमका हवा असेल, तर दुप्पट माणसं विचारून भागत नाही. चौपट लागतात, १४४!

वाचायला पाच ओळी. पण हे डोक्यात मुरायला वेळ लागतो, आणि फास्ट ट्रॅकमध्ये तोच नसतो. सोमवारी कॉन्फिडन्स इंटरव्हल, गुरुवारी हायपोथेसिस टेस्टिंग, रविवारी क्विझ. नल हायपोथेसिस, पी-व्हॅल्यू, टाइप वन, टाइप टू... शब्दच शब्द. ‘आकडेमोड कठीण नव्हतीच,’ ती सांगते. ‘आलेल्या उत्तराचं एका वाक्यात काय म्हणायचं, तिथे माझी वाट लागायची.’

त्यातला एक किस्सा मात्र तिला भलताच आवडला. लहान सॅम्पलसाठी वापरतात ती टी-टेस्ट आली चक्क बिअरच्या कारखान्यातून. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेटने १९०८ मध्ये ती मांडली. कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या नावाने संशोधन छापायला कंपनीची मनाई होती, म्हणून त्याने टोपणनाव घेतलं, ‘स्टुडंट’. ऑफिसपासून नाव लपवून शिकणारी ती एकटीच नाही तर!

राहायचं की सुटायचं?

चौथ्या आठवड्याच्या शेवटी मिडटर्म झाली. मार्क पडले ५८. पाचव्या आठवड्याचा शुक्रवार ही कोर्समधून नाव काढून घ्यायची शेवटची तारीख. काढलं तर ट्रान्सक्रिप्टवर नुसता ‘डब्ल्यू’, नापासाचा शिक्का नाही. पण फी बुडणार, आणि अ‍ॅडमिशनही.

त्या रात्री ती रडली. मग वही काढून तिने गणित मांडलं. होमवर्क आणि क्विझला मिळून ४० टक्के वजन, मिडटर्मला २५, फायनलला ३५. होमवर्क-क्विझमध्ये ९५ राखले, तर फायनलला ७९ लागतील. अवघड, पण अशक्य नाही. ती थांबली.

तिच्याच ओळखीतल्या, मुंबईत एका जाहिरात एजन्सीत काम करणाऱ्या मुलाने मात्र असाच कोर्स त्याच टप्प्यावर सोडला. होमवर्कमध्ये त्याला सतत ९८-९९ पडत होते, कारण उत्तरं एआय चॅटबॉट देत होता. मिडटर्मला वेबकॅम चालू, दुसरी विंडो बंद. तिथे पडले ३४. ‘मला काही येत नाही, हे मलाच माहीत नव्हतं,’ तो प्रामाणिकपणे सांगतो. नंतर त्याने हाच विषय पूर्ण सेमिस्टरच्या स्पीडने पुन्हा घेतला, होमवर्क स्वतः केला आणि पास झाला. एक वर्ष उशिरा गेला, पण गेला. त्याचं सोडणं ही हार नव्हती, आणि तिचं थांबणं ही काही शूरगिरी नव्हती. दोघांनी आपापला हिशेब केला, एवढंच.

पहाटेचा फंडा

तिने काय बदललं? आधी ती शनिवार-रविवारी सात-सात तास एकदम बसायची. ते बंद केलं. रोज पहाटे साडेपाच ते सात, आणि बसमध्ये आदल्या दिवसाची पाच गणितं पुन्हा. एका दमात घोकलेलं भराभर उडून जातं आणि अंतराने उजळणी केलेलं टिकतं, हे हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्येच दाखवलंय. आपल्या शाळेतल्या बाईही ‘रोज थोडं करा’ म्हणायच्या. ऐकलं कुणी?

दुसरी मदत आली न्यू जर्सीतून. तिची कॉलेजची मैत्रीण नवऱ्याच्या नोकरीमुळे तिथे गेलीय. डिपेन्डन्ट व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, पण शिकता येतं. म्हणून तिने तिथल्या कम्युनिटी कॉलेजमधून हाच विषय सहा आठवड्यांत केला होता, बाळ झोपलं की! दर रविवारी दोघींचा व्हिडिओ कॉल. नियम एकच, प्रत्येक टेस्टचा निष्कर्ष मराठीत एका वाक्यात सांगायचा. ‘पुरावा पुरेसा नाही’ आणि ‘खोटं आहे’ यातला फरक मराठीत बोलल्यावरच डोक्यात शिरला, असं दोघींचं म्हणणं.

फायनलचा स्लॉट तिने मुद्दाम शनिवारचा घेतला. गुरुवारी लाइट जाते, हे अमेरिकेतल्या प्रोफेसरला कोण समजावणार! परीक्षेआधी वेबकॅम फिरवून अख्खी खोली दाखवायची, टेबलाखालीसुद्धा. खोलीत दुसरं कुणी दिसलं की पेपर धोक्यात. दारावर कागद चिकटवला होता, ‘परीक्षा चालू आहे, आत येऊ नये.’ तरी चाळिसाव्या मिनिटाला बाहेरून आजीचा आवाज आलाच, ‘अगं, चहा गार होतोय!’

फायनलला ८४. एकूण ८२. बी ग्रेड. सीट पक्की!

आता खरं सांगायचं, तर कोर्स संपून दोन महिने झाल्यावर काय-स्क्वेअरचा फॉर्म्युला तिला आठवत नाही. अ‍ॅनोव्हा म्हटलं की धूसर काहीतरी दिसतं. शेवटचे धडे इतक्या घाईत झाले की ते परीक्षेपुरतेच राहिले. मास्टर्सला जाण्याआधी ते पुन्हा वाचावे लागणार, हे ती मान्य करते. फास्ट ट्रॅकची ही किंमत आहे.

पण एक गोष्ट मात्र राहिली. परवा ऑफिसच्या मीटिंगमध्ये स्लाइड आली, ‘९२ टक्के कर्मचारी कंपनीत खूश.’ टाळ्या पडल्या. हिने हात वर केला.

‘सर, सर्व्हे किती जणांनी भरला?’

सरांनी लॅपटॉपमध्ये शोधलं. मग हळूच म्हणाले, ‘तेरा.’

तेरापैकी बारा. झाले ९२ टक्के!

चौकट
उडी मारण्याआधी...

• ज्या युनिव्हर्सिटीत जायचंय, तिला आधी ई-मेल करून विचारा. कुठला कोर्स चालेल, किती क्रेडिट, किमान ग्रेड कोणती? २०१७ पासून सुरू असलेल्या आपल्या ‘स्वयम’वर स्टॅटिस्टिक्स फुकट शिकता येतं, पण तिथलं सर्टिफिकेट त्यांना चालेल का, ते लेखी घ्या.

• फी भरण्याआधी आठ आठवड्यांचं कॅलेंडर काढा. चुलतभावाचं लग्न, अप्रेझल, गोव्याची ट्रिप... सगळं त्यात लिहा. आठवड्याचे सतरा तास निघतात का बघा. एक आठवडा बुडाला, तर आठवा हिस्सा कोर्स बुडाला.

• फी परत मिळण्याची शेवटची तारीख आणि नाव काढून घेण्याची शेवटची तारीख या बहुतेक ठिकाणी वेगवेगळ्या असतात. दोन्ही फ्रिजवर चिकटवा.

• सगळ्या डेडलाइन भारतीय वेळेत लिहून ठेवा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली बहुतेक घड्याळं एक तास मागे जातात, तेव्हा पुन्हा तपासा.

• कॅल्क्युलेटर कुठला चालेल, विचारून घ्या. अमेरिकन कॉलेजांत टीआय-८४चं प्रस्थ आहे. काही ठिकाणी स्प्रेडशीटवरही भागतं.

• पुस्तकाचा खर्च वाचू शकतो. राइस युनिव्हर्सिटीच्या ‘ओपनस्टॅक्स’चं ‘इन्ट्रोडक्टरी स्टॅटिस्टिक्स’ हे तेरा धड्यांचं पुस्तक नेटवर मोफत आहे. कोर्स सुरू होण्याआधी पहिले तीन धडे वाचून टाका. चौथ्या आठवड्यात स्वतःचेच आभार मानाल!