साकीनाक्याच्या विहारात बाबासाहेबांची घरे

लंडन-दिल्लीचा प्रवास आमच्या वस्तीत कितीजणांना परवडणार? म्हणून गेल्या रविवारी वंदनेनंतर आम्ही विहाराच्या भिंतीवर पांढरी चादर लावली आणि छायाचित्रे व व्हिडिओंतून बाबासाहेबांची घरे पाहिली.

आधी परळची बीआयटी चाळ. खोली क्रमांक ५० आणि ५१. एवढ्याशा जागेत संसार आणि अभ्यासही! मग लंडनचे १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये विद्यार्थीदशेत बाबासाहेब इथे राहिले. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेतले. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीतले राजगृह. हजारो ग्रंथ मावावेत म्हणून बांधलेले घर! शेवटी दिल्लीचे २६, अलीपूर रोड. ६ डिसेंबर १९५६ रोजी इथेच महापरिनिर्वाण झाले. मूळ बंगला आज नाही. त्या जागी २०१८ साली स्मारक उभे राहिले. बंगला उरला तो फोटोतच. विहारात सारे स्तब्ध झाले.

चाळीचा व्हरांडा दिसताच एक आजी म्हणाल्या, "आमचं घर असंच होतं गं! पण त्याचा फोटो कुठाय?"

आम्ही निरुत्तर झालो. पुनर्विकासात आमच्या जुन्या खोल्या पडत आहेत. ज्या दारांतून आमच्या आई-वडिलांनी भीमजयंतीच्या मिरवणुका काढल्या, त्या दारांची आठवण कोण ठेवणार?

बंधूभगिनींनो, घरातले जुने फोटो शोधा. मागे नाव, साल, ठिकाण लिहा आणि विहारात आणून द्या. इतिहास आपल्याही उंबऱ्यावर आहे. जयभीम!