रेवा : बेंगळुरूची चिमुकली गाडी

• मैनी समूह आणि अमेरिकेची अमेरिगॉन यांनी 1994 मध्ये कंपनी काढली. प्रमुख होते चेतन मैनी. विजेवर चालणारी ही गाडी 2001 मध्ये बाजारात आली.

• लांबी जेमतेम 2.6 मीटर. दारे दोनच. मागची सीट मुलांपुरती. मोठ्यांनी बसायचे तर गुडघे हनुवटीला.

• समाधान कशाचे : क्लच-गिअरची कटकट नाही, पेट्रोलचा खर्च नाही, अरुंद गल्लीतही पार्किंग. रात्री घरच्या 15 अँपिअरच्या प्लगला लावायची, सकाळी चार्ज.

• हळहळ कशाची : बॅटरी लेड-ॲसिड, म्हणजे इन्व्हर्टरच्या जातकुळीतली. एका चार्जवर 80 किलोमीटर हा कंपनीचा आकडा. एसी, चढ आणि बॅटरीचे वय तो खाली आणतात. काही वर्षांनी अख्खा बॅटरी संच बदलावा लागे. जुनी रेवा घेणाऱ्याने आधी विचारायचे ते हेच.

• लंडनमध्ये नाव ‘जी-विझ’. तिथे ती ‘कार’ नव्हे, ‘क्वाड्रिसायकल’ या वर्गात मोडे. त्यामुळे मोटारींची अपघात-चाचणी बंधनकारक नव्हती. शहराचा गर्दी-करही तेव्हा माफ होता.

• 2010 : बहुसंख्य हिस्सा महिंद्राकडे. 2013 : लिथियम-आयन बॅटरीची ‘ई-टू-ओ’.