पॅकेटची वाट कोणी ठरवायची?

संगणकांच्या जाळ्यातून जाणारा मजकूर लहान लहान पॅकेटांत विभागलेला असतो आणि प्रत्येक पॅकेट कोणत्या दिशेने पुढे धाडायचे, हे वाटेतला प्रत्येक राउटर आपले राउटिंग टेबल, म्हणजे कोणत्या पत्त्यासाठी पुढचा टप्पा कोणता याची यादी, पाहून ठरवतो. ही यादी माणसाने हाताने भरली तर ते स्टॅटिक राउटिंग; राउटरांनी आपसांत माहितीची देवाणघेवाण करून ती भरली आणि प्रसंगानुसार बदलत ठेवली, तर ते डायनॅमिक राउटिंग.

या दोहोंतून निवड करताना बहुधा जाळ्याचा आकार पाहिला जातो. वास्तविक आधी पाहायला हवे ते हे, की पॅकेटला जायला दुसरी वाट आहे का. बँकेच्या एखाद्या शाखेतून मुख्यालयाकडे एकच लाइन जात असेल, तर ती तुटल्यावर कोणताही प्रोटोकॉल नवी वाट निर्माण करू शकत नाही, आणि म्हणून तिथे उरलेल्या सर्व पत्त्यांसाठी एकच दिशा सांगणारा डीफॉल्ट राउट पुरेसा ठरतो.

लाइनी दोन झाल्या की स्टॅटिक नोंदीचे उणेपण उघडे पडते. राउटरचे पोर्ट जवळच्या स्विचला जोडलेले असते. बिघाड त्या स्विचच्या पलीकडे झाला तर पोर्टवरचा दिवा हिरवाच राहतो, टेबलातील नोंदही हलत नाही, आणि दुसरी लाइन मोकळी असूनही पॅकेटे तुटलेल्या वाटेवर नाहीशी होत राहतात. ओएसपीएफ या डायनॅमिक प्रोटोकॉलमध्ये मात्र शेजारचे राउटर इथरनेटवर सर्वसाधारणपणे दर १० सेकंदांनी एकमेकांना हॅलो संदेश पाठवतात. ४० सेकंद संदेश आला नाही, तर शेजारी गेला असे मानून ती वार्ता सर्वत्र कळवली जाते आणि प्रत्येक राउटर एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने कमीत कमी खर्चाचा मार्ग पुन्हा काढतो. त्याहून जुना आरआयपी केवळ टप्पे मोजतो, लाइनचा वेग पाहत नाही आणि १५ टप्प्यांपलीकडचे ठिकाण अगम्य मानतो. नव्या जाळ्यासाठी तो निवडण्याचे कारण क्वचितच उरते.

मात्र राउटर एकमेकांवर विश्वास ठेवतात, तेव्हा चूकही त्याच वेगाने पसरते. २७ ऑक्टोबर १९८० रोजी अमेरिकेतील आर्पानेट हे संगणकजाळे कित्येक तास ठप्प झाले, कारण मेमरीतील बिघाडामुळे एकाच यंत्राच्या स्थिती-संदेशांना ८, ४० आणि ४४ असे क्रमांक पडले. क्रमांक ६३ नंतर पुन्हा शून्यापासून मोजले जात असल्याने यांपैकी प्रत्येक संदेश दुसऱ्या एखाद्यापेक्षा नवा ठरत राहिला आणि सारी यंत्रे तेच संदेश अखंड पुढे पाठवत बसली.

अशा धोक्यामुळे डायनॅमिक राउटिंग टाळावे, असे नव्हे. मुख्य लाइनवर ओएसपीएफ आणि राखीव लाइनसाठी स्टॅटिक नोंद ही जोडी अनेक ठिकाणी चांगली चालते. सिस्कोच्या राउटरांत ओएसपीएफच्या मार्गाचा प्राधान्यक्रमांक ११० असतो आणि लहान क्रमांकाला मान मिळतो, त्यामुळे राखीव नोंदीला २०० दिला की ती मुख्य मार्ग नाहीसा झाल्यावरच टेबलात येते. फक्त ती राखीव लाइन जिवंत आहे की नाही, हे ठरावीक काळाने मुद्दाम तपासावे लागते, कारण वापरात नसलेल्या लाइनची तक्रार कोणीही करत नाही.